कोणालाच न कळलेला शब्द

एस्तेर, तुझी वही माझ्याकडे आली आहे आणि मला काहीच सुचत नाही.

काल दुपारी ग्लोरी घेऊन आली. तुझीच लेक, दारातून हाक न मारता थेट स्वयंपाकघरात. म्हणाली, "मावशी, रविवारी आईची स्मरणसभा आहे. आईनं आपल्या बोलीत केलेली प्रार्थना कार्डावर छापून सगळ्यांना द्यायची आहे. सगळं तयार आहे, एक शब्द तेवढा नाही." वही उघडून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. 'आमचा', मग पेनानं ओढलेली लांब रेघ, मग 'भात आमाले आज दे.' रेघेखाली तुझ्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'विमलला विचारणे.'

विचारणे! जन्मभर दवाखान्याची रजिस्टरं भरलेल्या बाईची सवय जाते कुठे. पण विचारलंस कधी? तुला जाऊन आज वीस दिवस झाले. त्याच्या आधीचे अकरा दिवस आपण एकमेकींशी बोलत नव्हतो. मग ही नोंद भांडणाच्या आधीची की नंतरची? औषधाच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख टाकणारी बाई तू, मग इथं तारीख टाकायला तुझा हात दुखत होता का? आधीची असेल तर तो नुसता कामाचा निरोप झाला. नंतरची असेल तर तू मला माफ केलं होतंस. कालपासून मी शाईचा रंग बघत बसले आहे. गोंदियाच्या छापखान्यात उद्या मजकूर द्यायचा आहे, आणि इथं मला शब्दही कळत नाही आणि तूही कळत नाहीस.

खरं तर यात मी पडायचं काही कारण नव्हतं. मी गोरेगावच्या शाळेतली निवृत्त मराठीची बाई, घरची धानाची शेती, देव्हाऱ्यात रोज दिवा. तू दवाखान्यातली निवृत्त नर्स, दर रविवारी तुझ्या घरच्या ओसरीत सात-आठ कुटुंबांची प्रार्थना घेणारी. पोरं तुला 'इस्तर शिस्टर' म्हणायची आणि तू ओ द्यायचीस. माझी दोन्ही बाळंतपणं तू केलीस. मी ओरडत होते आणि तू म्हणत होतीस, "अवो मास्तरीन, व्याकरण पाळून ओरड." तिथपासून आपली गट्टी.

तुला नागऱ्याची महाशिवरात्र आठवते? रांग कुठल्या कुठे गेली होती आणि तू देवळाबाहेर माझ्या चपला राखत शेंगदाणे खात बसली होतीस. मी आले तर म्हणालीस, "तुझ्या देवाच्या दारी मी चपला राखल्या. माझ्या देवाच्या दारी तू काय राखशीन?" मी म्हटलं, "शुद्धलेखन राखीन." तू ते वाक्य पदरात बांधून ठेवलंस. निवृत्त झाल्यावर एक दिवस वही घेऊन आलीस आणि म्हणालीस, "चाल, राख आता."

तुझ्या मंडळींना 'प्रभूची प्रार्थना' पुस्तकी मराठीत पाठ होती, पण ती त्यांच्या पोटात उतरत नव्हती, असं तुझं म्हणणं. "अवो, दुखते तवा हे बोलीत बोलतेत. देवापुढं उभे राहिले का शाळेच्या इन्स्पेक्टरपुढं उभे राहिल्यावानी करतेत." म्हणून तुला ती प्रार्थना आपल्या इथल्या झाडीबोलीत करायची होती. आणि भाषांतरावरून भाषांतर नको, मुळावरूनच करायचं, म्हणून साठी उलटल्यावर तू मोबाइलवर ऐकून ऐकून ग्रीक शिकायला बसलीस. मी हसले होते. तुझ्या गुडघ्याला तेल चोळताना तू ग्रीकचे प्रत्यय म्हणायचीस, आणि समोरच्या घरची मंडळी समजायची की बाई मंतर टाकते.

पहिलं भांडण भाकरीवरून झालं. पुस्तकात 'रोजची भाकर' आहे. तू म्हणालीस, "आपल्याकडं रोज भाकर खातेच कोण? चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवायचं आन देवाले भाकर मागायची? तो म्हणंल, बाप्पा, हे कोणत्या जिल्ह्याचे लोक आहेत?" मी म्हटलं, परंपरा आहे, शब्दाला वजन असतं. पंधरा दिवस चाललं ते. शेवटी मी हरले, भाकरीचा भात झाला आणि तू मला त्या दिवशी कोलबीचा रस्सा खाऊ घातलास. हरण्याचं मला कधी एवढं सुख झालं नव्हतं.

मग आला 'रोजची'. मला वाटलं हा तर सोपा शब्द, पाच मिनिटांचं काम. तू चष्मा पुसलास आणि म्हणालीस, "मास्तरीन, इथं मुळात जो शब्द आहे ना, त्याचा अर्थ कोणालेच माहीत नाही."

एपिऊसिओस. मी म्हटलं, "हे काय खोकल्याचं औषध आहे का?" तू म्हणालीस, "हो, रोज एकदा, जेवणाआधी." आणि दोघी हसून हसून लोळलो.

पण नंतर तू समजावून सांगितलंस तेव्हा मी चक्रावलेच. हा शब्द त्या प्रार्थनेत येतो, दोन शुभवर्तमानांत मिळून दोनदा, आणि मग कुठेच नाही. बाकीच्या ग्रीकात कोणी तो वापरलेला सापडत नाही. सापडला तरी पुन्हा ती प्रार्थनाच निघते. मध्ये एकदा कुठल्याशा जुन्या चिठोऱ्यावर सापडला म्हणाले, मग ते चिठोरंच हरवलं, खूप वर्षांनी सापडलं तर शब्द दुसराच निघाला. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यानं एकाच शब्दाचे दोन ठिकाणी दोन वेगळे अर्थ केले. कोणी म्हणे 'आजच्या दिवसाची', कोणी म्हणे 'जगण्यापुरती', कोणी म्हणे 'या जगापलीकडची', आणि कोणी म्हणे 'येणाऱ्या दिवसाची', म्हणजे 'उद्याची'. पोराटोरांना पाठ असलेल्या प्रार्थनेच्या बरोबर मधोमध असा एक शब्द बसला आहे, आणि दोन हजार वर्षं लोक तो न समजता म्हणत आहेत!

मी चाळीस वर्षं पोरांना 'समानार्थी शब्द लिहा' म्हणत आले. अर्थ नसलेला शब्द म्हणजे माझ्या दृष्टीनं नापास. तू मात्र खूश होतीस. "काऊन वो एवढी खूश होऊन राहिली?" असं मी चिडून विचारलं, तर म्हणालीस, "देवाशी बोलतानी एखादा शब्द तरी असा पाहिजे ना, का ज्याच्यावर आपला हक्क नाही." मला ते तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही.

माझं मत 'पोटापुरता'. आमचा पोटापुरता भात आमाले आज दे. साधं, स्वच्छ, कोणी हसणार नाही. तुझं मत 'उद्याचा'. मी म्हणायचे, "उद्याचा भात आज कशाला मागायचा? हावरटपणा नाही का तो? उद्याची चिंता करू नका, असं तुझंच पुस्तक सांगते ना?" तू म्हणायचीस, "ज्याच्या घरी उद्याचं आहे, तोच म्हणते चिंता करू नको." मला ते पटायचं नाही.

आणि मग ती दुपार.

तुझ्या ओसरीत आपण दोघी आणि फुलमत. फुलमत तुझ्या गल्लीच्या टोकाला राहणारी, रोवणी-कापणीला जाणारी, घरात छत्तीसगढी बोलणारी. तिला अक्षर येत नाही, पण आपल्या भांडणाची तिला चटक लागली होती. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "उद्याचा भात आज मागाचा, यात अवघड काय आहे वो? बासी म्हना ना."

तू उठून उभीच राहिलीस, गुडघ्याचं दुखणं विसरून. "सापडला! अवो मास्तरीन, सापडला! आज रांधायचा, पाण्यात बुडवून ठेवायचा, उद्या सकाळी कांद्यासंगं खायचा. उद्याचा भात, पण आजच घरात आहे. आमचा बासी भात आमाले आज दे!"

मी म्हटलं, "बासी? देवाले शिळं मागतेस?"

इथं मी थांबायला पाहिजे होतं. तू नेहमीसारखी हसून "शब्दकोश ठेव घरी" असं काहीतरी म्हणालीस, आणि मला तुझं हसणं बरं वाटलं नाही. दोन वर्षं मेहनत करून छापायच्या प्रार्थनेत बासी! गोंदियाची शहरी माणसं वाचतील, तुमचे पाळकसाहेब वाचतील, खाली शुद्धलेखन तपासणारी म्हणून माझं नाव. मी बोलून गेले, "तुमच्या देवाले मागा शिळंपाकं. आमच्या देवाले आम्ही ताजा नैवेद्य करतो."

तुमच्या. आमच्या. इतक्या वर्षांत हे दोन शब्द आपल्यात असे कधी आले नव्हते.

आणि 'शिळंपाकं'. तुझी आजी आमच्यासारख्या घरांच्या मागच्या दाराशी पदर पसरून शिळं न्यायला उभी राहायची, हे तूच मला सांगितलं होतंस, न रडता सांगितलं होतंस. मला ते आठवत होतं का तेव्हा? खरं सांगते, आठवत नव्हतं. तोंडातून शब्द गेला आणि मग आठवलं. तू वही मिटलीस. आवाज न चढवता म्हणालीस, "शिळं दुसऱ्याच्या घरचं असते, विमल. बासी आपल्या घरची असते."

मास्तरीन नाही म्हणालीस. विमल म्हणालीस. मी चपला घातल्या आणि निघाले.

त्यानंतरचे अकरा दिवस मी काय करत होते, ते मलाच धड सांगता येत नाही. तुझं घर दोन गल्ल्या पलीकडे. रोज सकाळी ठरवायचे, जाते. रोज काहीतरी निघायचं. उन्हाळी धानाची मळणी, नातवाचा ताप, आठवडी बाजार. बाजारात तू मला पाठमोरी दिसलीस, आंबाडीची भाजी घेताना. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, आणि मनात आलं, ती का नाही येत? चूक माझीच एकटीची का? चूक माझीच एकटीची होती. पण मी म्हटलं, उद्या जाऊ. तुझ्या घरी माफी मागायला जायचं तर सावकाश जावं, असं काहीतरी. तू लगेच मरशील असं कोणाला वाटलं होतं? परक्यांचं ब्लडप्रेशर तपासत फिरणारी बाई तू, स्वतःचं तपासत नव्हतीस का? राग येतो मला तुझा.

इथं काल थांबले होते. पुढचं आज लिहितेय, कारण आज सकाळी मी फुलमतकडे गेले होते.

त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे. तू गेलीस त्या सकाळी निरोप मिळाल्यावर मी धावतच आले. तू पलंगावर होतीस, झोपल्यासारखी. ग्लोरी नागपूरहून निघाली होती, बायका जमत होत्या. मला रडू येईना. हाताला काम पाहिजे म्हणून मी तुझ्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर जर्मनचा गंज, तुझं भाताचं पातेलं, झाकून ठेवलेला होता, त्यात पाण्यात बुडवलेला भात. आमच्यात मृत्यू झाला की घरातलं शिजलेलं अन्न टाकून देतात, भरलेलं पाणी ओततात. मी विचार केला नाही, कोणाला विचारलंही नाही. गंज उचलला, मागच्या दारी मुनग्याच्या झाडाखाली ओतला, घासून पालथा घातला. तुमच्यात तसं करतात की नाही, तेही मला माहीत नव्हतं. बघ, परत तुमच्यात-आमच्यात. पण त्या वेळी मला वाटलं, मी घरच्यासारखं करतेय.

आज फुलमतला मी एवढंच विचारायला गेले होते की, बाई, एस्तेरनं तो शब्द शेवटी काय ठरवला होता, तुला काही बोलली का? ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "मले ग्रीकाबिकाचं काय कळते? पन तुमी तिची बासी कायले फेकली जी?"

मी म्हटलं, "आमच्यात ठेवत नाहीत."

"माझ्या कोंबड्यांनं खाल्ली सारी," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता बोलली, "आदल्या दिवशी मीच होती तिच्यापाशी. मोठा गंज भरून भात बुडवून राहिली होती. मी म्हटलं, एकट्या जिवाले एवढी बासी कायले वो शिस्टर? तर म्हने, उद्या मास्तरनीले बोलावतो. बोलून मानत नाही, खाऊन मानंन."

मी तिथंच बसले, तिच्या सारवलेल्या अंगणात. इतक्या दिवसांचं रडू तिथं आलं. फुलमतनं पाणी दिलं आणि कोंबड्या हाकलत बसली.

आता सांग, मी काय समजू? तू मला माफ केलं होतंस, की भांडण जिंकायला ताट वाढणार होतीस? मी तुला ओळखून आहे, म्हणून वाटतं, दोन्ही. पहिला घास मी घेतला असता, आणि तू कंबरेवर हात ठेवून विचारलं असतंस, "काऊन, शिळं आहे का?" मी म्हटलं असतं, मीठ कमी आहे. तेवढ्यात सगळं मिटलं असतं. किंवा नसतंही. कदाचित फुलमतनं मला बरं वाटावं म्हणून दोन वाक्यं पदरची घातली असतील. तिला कसं विचारू? आणि मी टाकलेल्या त्या भाताला काय म्हणायचं? तो माझा होता, माझ्यासाठी ठेवला होता, माझ्या हातात आला होता, आणि तो माझा आहे हे मला कळलं नाही. तुझ्या त्या पंडितांचं आणि माझं एकच झालं. त्यांच्या तोंडी रोज तो शब्द आहे आणि अर्थ ठाऊक नाही.

घरी आले. वही उघडली. 'पोटापुरता' लिहिण्यासाठी पेन टेकवलं, खरं सांगते. माझा शब्द अजून मला बरा वाटतो. ग्रीकमध्ये काय बरोबर हे तुलाही माहीत नव्हतं, मला तर कुठून असणार. मग रेघेवर शाळेतल्या फळ्यावर लिहायचे तशा ठळक अक्षरात लिहिलं: बासी. आणि छापखान्यासाठी ती ओळ खाली पुन्हा उतरवताना हातानं एक अक्षर जास्तीचं लिहिलं. मी ते पाहिलं आणि खोडलं नाही. फोटो काढून छापखान्याला पाठवला.

तासाभरात तिथल्या पोराचा फोन आला, गोंदियाचं हिंदी. "मॅडम, दो बात पूछनी थी. ये 'बासी' सही है क्या? प्रार्थना में बासी?"

मी म्हटलं, "सही है."

"और ग्लोरी दीदी ने पहले जो भेजा था, उसमें 'आज दे' था. आपने 'आजच दे' लिख दिया है. वो 'च' गलती से आ गया होगा, निकाल दूँ?"

"नको. रहने दो भैया. तो च राहू द्या."

एस्तेर, बासी हा तुझा आणि फुलमतचा शब्द, तो बरोबर आहे की नाही ते तुम्ही दोघी बघून घ्या. पण तो 'च' तुझ्या ग्रीकमध्ये नाही, कुठल्याच पोथीत नाही, तो मी घातला. अकरा दिवस मी उद्या जाते, उद्या जाते म्हणत घरी बसले, त्या अकरा दिवसांचा तो च आहे. माझं चुकलं वो, एस्तेर.